विषय क्रमांक एक : राज्य मंत्रिमंडळास नाशिकहून खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री, माननीय उपमुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मंत्रिमंडळाच्या निर्णयांची कारणे आणि त्यांच्या अंमलबजावणीचा अनुपालन अहवाल जनतेसमोर नियमितपणे ठेवण्याबाबत.

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

मी निफाड तालुक्यातील विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ गटसचिव म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर आता नाशिक शहरात पंचवटीत राहतो. गटसचिव म्हणजे चार-पाच गावांच्या सोसायट्यांची कीर्द-खतावणी लिहिणारा, पीक कर्जाची मर्यादा ठरवणारी क. म. पत्रके तयार करणारा, वसुलीच्या दिवसांत उंबरे झिजवणारा आणि प्रत्येक सभेचे इतिवृत्त लिहिणारा माणूस. खेड्यात इतिवृत्त हा शब्द कोणी वापरत नाही, तिथे त्याला सरळ ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. अशी शेकडो प्रोसिडिंगे मी हाताने लिहिली आहेत आणि त्या लिखाणातून जी एक गोष्ट मला कळली, ती आपल्यासमोर ठेवण्यासाठी हे पत्र आहे.

आपल्यापैकी अनेकांची सार्वजनिक कारकीर्द सोसायटी, ग्रामपंचायत, साखर कारखाना किंवा जिल्हा बँक अशा संस्थांतून सुरू झालेली आहे. त्यामुळे सभेच्या नोटिशीवरचा विषय क्रमांक एक काय असतो, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ ग्रामसभा असो, पतसंस्थेची वार्षिक सभा असो की गृहनिर्माण संस्थेची गच्चीवरची बैठक असो, नव्या विषयाला हात घालण्यापूर्वी मागे काय ठरले होते ते वाचून दाखवावे लागते. ते वाचले जात असतानाच मागच्या रांगेतून कोणीतरी उठतो आणि विचारतो, गोदामाचे पत्रे बदलायचे ठरले होते, त्याचे काय झाले? मग सचिवाला कागद काढावा लागतो आणि अध्यक्षांना उत्तर द्यावे लागते.

एका गावी गोदामाच्या पत्र्यांचा हाच प्रश्न लागोपाठ दोन सभांना आला होता. तिसऱ्या वर्षी अध्यक्ष स्वतः उभे राहिले आणि म्हणाले की आम्ही अंदाजपत्रक न काढताच ठराव केला होता, खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा निघाला, ठराव करण्यात घाई झाली. सभेत गोंधळ झाला, दोन-चार कडक बोलणी झाली, ती मी लिहिली नाहीत, कारण कोण काय बोलले ते प्रोसिडिंगमध्ये लिहायचे नसते. काय ठरले आणि कोणत्या कारणाने ठरले, ते लिहायचे असते. मी लिहिले की निधीअभावी ठराव स्थगित ठेवण्यात येत असून नवीन अंदाजपत्रक मागवण्यात येत आहे. त्यापुढच्या वर्षी पत्रे बदलले गेले.

राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक साधारणपणे मंगळवारी होते आणि सायंकाळपर्यंत निर्णयांची यादी माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून प्रसिद्ध होते. तिच्यात त्या दिवशी काय ठरले ते असते. मागच्या मंगळवारी, मागच्या महिन्यात किंवा मागच्या वर्षी जे ठरले होते त्याचे काय झाले, हे त्या यादीत नसते, आणि जे ठरले ते कोणत्या आधारावर ठरले, हे बहुतेक वेळा एका वाक्यापलीकडे जात नाही. बारा कोटींहून अधिक लोकांच्या राज्याची ही सर्वोच्च बैठक आहे, आणि तिचा विषय क्रमांक एक लोकांसमोर कधी येत नाही.

यामुळे गावपातळीवर काय घडते ते मी पाहिले आहे. जून २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना मंजूर केली. दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज माफ होणार होते आणि योजनेचा एकूण आकडा ३४,०२२ कोटी रुपयांचा सांगितला गेला. बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोसायटीचे कुलूप काढण्याआधीच ओट्यावर माणसे बसलेली होती. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, भाऊसाहेब, आपलं नाव बसतं का? माझ्याकडे वर्तमानपत्राच्या कात्रणाशिवाय काही नव्हते. शासन निर्णय नंतर आला, बँकेचे परिपत्रक त्यानंतर आले, मग ऑनलाइन अर्ज आले, पती-पत्नी दोघांची माहिती आली आणि पुढे त्या याद्या आल्या, ज्यांना लोक ‘ग्रीन लिस्ट’ म्हणू लागले.

अट अशी होती की ३० जून २०१६ रोजी थकलेले कर्ज या योजनेत धरले जाईल. आमच्याकडे साठी ओलांडलेले एक द्राक्ष बागायतदार होते. वर्षानुवर्षे जुने-नवे करून, म्हणजे जुने कर्ज भरून लगेच नवे उचलून का होईना, खाते चालू ठेवणारे. त्या ३० जूनपूर्वी त्यांनी पाहुण्यांकडून उसने घेऊन सोसायटीची बाकी भरली होती. पुढे नोव्हेंबरात नोटाबंदी आली, मालाला उठाव राहिला नाही आणि पुढच्या हंगामात ते थकले. त्या वेळच्या नियमात ते बसत नव्हते. त्यांनी मला विचारले, “तारीख तीस जूनच का? पुढच्या सालची का नाही? मी उसने घेऊन भरले, ते चुकले का?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण मात्र असणारच. वित्त विभागाने काही हिशोब मांडला असेल, किती खाती, किती रक्कम, कोणत्या तारखेला रेघ ओढली तर तिजोरीवर किती भार, हे सगळे मंत्रिमंडळासमोर आलेल्या टिपणीत लिहिलेले असेल. ते कारण त्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचले असते तर त्यांना पैसे मिळाले नसतेच, पण आपण वेळेवर भरले म्हणून वगळलो गेलो, ही बोच त्यांच्या मनात घर करून बसली नसती. पैसे न मिळण्याचे दुःख शेतकरी पचवतो. निसर्गाने त्याला ती सवय लावलेली आहे. आपल्याला का वगळले हे सांगायला कोणी बांधील नाही, ही गोष्ट त्याला पचत नाही, आणि पुढच्या वर्षी वसुलीला गेल्यावर तीच गोष्ट आमच्यासारख्यांच्या तोंडावर येऊन आदळते.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकलेले दोन लाखांपर्यंतचे कर्ज, गावात लागलेल्या याद्या, आधार प्रमाणीकरण, अशी तिची पद्धत होती आणि आधीच्या योजनेच्या मानाने तिची अंमलबजावणी सोपी झाली, हे मी आवर्जून नोंदवतो. मात्र नियमित फेड करणाऱ्यांना ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम देण्याची घोषणा मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात झाली आणि पैसे खात्यावर जमा होऊ लागले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. मध्ये कोरोनाची साथ होती, तिजोरीवर ताण होता, सरकार बदलले. ही कारणे कोणालाही पटण्यासारखी होती. तरीही त्या अडीच वर्षांत ‘निर्णय कायम आहे, निधीअभावी प्रलंबित आहे, पुढील आढावा अमुक महिन्यात’ एवढे एक वाक्य मंत्रिमंडळाच्या नावाने कुठे अधिकृतपणे वाचायला मिळाले असते, तर वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो, ही भावना गावोगावी पसरली नसती. सहकारी पतपुरवठ्याचे त्या भावनेने जे नुकसान केले, ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण वसुलीच्या दिवसांत दारोदार फिरणाऱ्या सचिवाला ते दिसते.

मंत्रिमंडळाच्या चर्चेला गोपनीयता असते आणि ती असली पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. मंत्र्याने बैठकीत मोकळेपणाने विरोध करावा, अर्थमंत्र्यांनी पैसे नाहीत असे तोंडावर सांगावे आणि बाहेर आल्यावर सर्वांनी एकच निर्णय आपला म्हणून मांडावा, यासाठी ती आवश्यक आहे. राज्यघटनेच्या कलम १६४(२) प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, आणि ही सामुदायिक जबाबदारी बंद दाराआडच्या मोकळ्या चर्चेशिवाय टिकणार नाही. म्हणून बैठकीत कोण काय बोलले, हे मी मागत नाही. ते आमच्या प्रोसिडिंगमध्येही नसते.

परंतु चर्चा गोपनीय असणे वेगळे आणि कारण गोपनीय असणे वेगळे. तिसऱ्या अनुसूचीतील गोपनीयतेच्या शपथेतसुद्धा मंत्री म्हणून कर्तव्य पार पाडण्यासाठी आवश्यक असेल तेवढे उघड करण्याची मुभा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ८ मध्ये मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांना सूट दिलेली आहे, हे सर्वांना माहीत असते. त्याच सूटीला जोडलेले परंतुक, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी अट, मात्र फारसे कोणी वाचत नाही. ते सांगते की निर्णय घेतल्यानंतर आणि विषय पूर्ण झाल्यानंतर मंत्रिमंडळाचे निर्णय, त्यांची कारणे आणि ज्या सामग्रीच्या आधारे ते घेतले ती सामग्री जाहीर केली जाईल. त्याच अधिनियमाचे कलम ४ असेही म्हणते की महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करावीत आणि बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयांची कारणे द्यावीत. केंद्राचा कायदा होण्याच्या तीन वर्षे आधी, २००२ मध्ये, महाराष्ट्राने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. त्या वेळी हे राज्य देशाच्या पुढे होते. मी जे मागतो आहे ते कायद्यात आधीच लिहिलेले आहे, त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही.

आता नाशिकविषयी.

१८ जानेवारी २०२५ रोजी राज्यातील पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली. तिच्यात नाशिकचे नाव होते. दुसऱ्याच दिवशी नाशिक आणि रायगड या दोन जिल्ह्यांच्या नियुक्त्यांना स्थगिती देण्यात आली. पालकमंत्री नेमणे हा मुख्यमंत्र्यांचा अधिकार आहे, घटनेत त्या पदाचा उल्लेख नाही आणि नेमणूक थांबवणेही त्यांच्या अधिकारात आहे. पण चोवीस तासांत असे काय बदलले, हे नाशिकच्या लोकांना शासनाच्या वतीने सांगितले गेले नाही. वर्तमानपत्रांनी सत्ताधारी पक्षांमधील रस्सीखेचीच्या बातम्या दिल्या आणि लोकांनी त्याच खऱ्या मानल्या, कारण दुसरे काही वाचायला नव्हते. त्यानंतर महिनोन्‌महिने हा जिल्हा पालकमंत्र्याविना राहिला. स्वातंत्र्यदिनाचे ध्वजारोहण कोणाच्या हस्ते होणार, याचीही दरवेळी वेगळी चर्चा व्हावी लागली. त्या काळात याच जिल्ह्यातून निवडून आलेले एकाहून अधिक मंत्री मंत्रिमंडळात होते, हे लक्षात घेतले म्हणजे लोकांना काय वाटले असेल याची कल्पना येईल.

यातील खरी अडचण मानाची नाही. पालकमंत्री हे जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्याच्या वार्षिक योजनेतला रस्ता, शाळाखोली, आरोग्य केंद्र, पाझर तलावाची दुरुस्ती हे सगळे त्या समितीतून जाते. घटनेचे कलम २४३ झेडडी सांगते की या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिका-महानगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून निवडलेले असावेत. नाशिक महानगरपालिका आणि नाशिक जिल्हा परिषद या दोन्हींची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ दोन्हीकडे प्रशासक होते. म्हणजे २०२५ मध्ये आमच्या वॉर्डात नगरसेवक नव्हता, गटात जिल्हा परिषद सदस्य नव्हता, नियोजन समितीत ज्यांनी बहुसंख्येने बसायचे ते निवडून आलेले प्रतिनिधी नव्हते आणि तिच्या अध्यक्षपदी बसायला पालकमंत्रीही नव्हते. उत्तर देऊ शकणारी, मंत्रिपदाची शपथ घेतलेली एकच संस्था उरली होती, ती म्हणजे आपले मंत्रिमंडळ. ज्या वेळी खालचे सगळे दुवे निखळलेले असतात, त्या वेळी वरच्या दुव्याने अधिक बोलायला हवे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आणि हे सगळे सिंहस्थाच्या तोंडावर घडत होते. २०२७ च्या कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी, अशा तारखा जाहीर झालेल्या आहेत. त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला, मंत्र्यांची समिती नेमली गेली. नाशिककरांना या गर्दीची भीती वाटते ती उगाच नाही. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत या शहरात ३९ भाविक गेले. रामकुंडाकडे उतरणाऱ्या त्या अरुंद उतारांवरून आम्ही रोज जातो. त्या घटनेची चौकशी झाली, शिफारशी झाल्या. त्यांपैकी काय अमलात आले आणि काय राहिले, हे कोणी नाशिककराने विचारले तर त्याला दाखवता येईल असा एक कागद या मेळ्याच्या आधी लोकांसमोर यायला हवा. अनुपालन अहवाल हा शब्द कोरडा वाटतो, पण इथे त्याचा अर्थ माणसांचे जीव असा आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये साधुग्रामसाठी तपोवनातील झाडे तोडण्याची नोटीस निघाली तेव्हा शहर हादरले. झाडांचा आकडा सतराशे-अठराशेच्या घरात होता. शाळकरी मुले, निसर्गप्रेमी, ज्येष्ठ नागरिक, अगदी कधी कोणत्या मोर्चात न गेलेली माणसेही तिथे गेली. मीही गेलो होतो. नोटीस महापालिकेची होती, मंत्रिमंडळाची नव्हती, हे मला ठाऊक आहे, पण महापालिकेवर तेव्हा शासनाने नेमलेले प्रशासक होते. साधुग्रामला जागा किती लागते, मागच्या मेळ्यात ती कुठून आली, दुसऱ्या कोणत्या जागा पाहिल्या आणि त्या का सोडल्या, हे चार प्रश्न तिथे जो तो विचारत होता. त्यांची उत्तरे नोटिशीच्या आधी छापली असती तर कदाचित निम्मे लोक समजून घेऊन घरी गेले असते, आणि उरलेल्या निम्म्यांशी तरी मुद्द्यावर बोलता आले असते. तसे झाले नाही. शासनाच्या बाजूची माणसे लोकांना धर्मविरोधी ठरवत राहिली आणि लोक शासनाला लाकूडतोडे म्हणत राहिले. हे दोन्ही आरोप माझ्या मते अन्यायाचे होते.

नाशिकसाठी आखलेल्या, टायरवर धावणाऱ्या मेट्रो निओविषयी फार लिहीत नाही. राज्य मंत्रिमंडळाने २०१९ मध्ये तिला मंजुरी दिली, फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झाला, आणि नाशिकच्या रस्त्यावर आजवर तिची एक गाडी धावलेली नाही. योजना रद्द झाली असेल तर रद्द म्हणावे, बदलली असेल तर बदलली म्हणावे. नाशिक-पुणे रेल्वेच्या मार्गाचेही तसेच. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय दुर्बिणीमुळे मार्ग बदलावा लागला, हे कारण तरी लोकांना समजले. पण सिन्नर तालुक्यात ज्यांच्या जमिनींची मोजणी आणि खरेदी आधीच्या आखणीप्रमाणे झाली, त्यांनी आपला सातबारा घेऊन कोणाकडे जायचे, हे त्यांना सांगायला हवे होते.

निर्णय मागे घेण्यात कमीपणा आहे असे मला अजिबात वाटत नाही. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्यासंबंधीचे एप्रिल आणि जून २०२५ मधील दोन्ही शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी रद्द करण्यात आले आणि समिती नेमली गेली. लोकांचे ऐकून मागे फिरणारे सरकार मला पुढे रेटणाऱ्या सरकारपेक्षा अधिक आपले वाटते. सोसायटीतही ठराव रद्द करता येतो. त्यासाठी सभेच्या नोटिशीत तसा विषय घ्यावा लागतो आणि रद्द करण्याचे कारण लिहावे लागते, एवढीच अट आहे.

सभेच्या शिस्तीचे आणखी दोन मुद्दे माझ्या मनात वर्षानुवर्षे आहेत, ते याच पत्रात लिहितो. पहिला गणपूर्तीचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा. ३० जून २०२२ रोजी मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांचा शपथविधी झाला आणि ९ ऑगस्टला आणखी १८ मंत्र्यांनी शपथ घेईपर्यंत, म्हणजे चाळीस दिवस, राज्याचे मंत्रिमंडळ दोघांचे होते. त्याच जुलैत गोदावरीला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात उभा होता, आणि मदत व पुनर्वसनाला स्वतंत्र मंत्री नव्हता. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर नेऊ नये असे ठरवले, त्यामुळे २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात ती जास्तीत जास्त ४३ होते. त्याच दुरुस्तीने राज्यात ती बारापेक्षा कमी नसावी, असेही म्हटले आहे. वरच्या मर्यादेची चर्चा प्रत्येक विस्ताराच्या वेळी होते, खालच्या मर्यादेची कोणी करत नाही. आमच्या सोसायटीत गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते. राज्याचा कारभार तहकूब करता येत नाही हे मान्य आहे, म्हणूनच ते चाळीस दिवस मला आजही अस्वस्थ करतात.

दुसरा मुद्दा ऐनवेळच्या विषयांचा. प्रत्येक विषयपत्रिकेच्या शेवटी ‘माननीय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे’ अशी ओळ असते आणि अनुभवी सभासद त्याच ओळीची वाट पाहत बसतो, कारण घोटाळा व्हायचा असेल तर तो तिथे होतो. त्यामुळे आमच्या लेखापरीक्षकांचा दंडकच होता की आर्थिक बोज्याचा विषय ऐनवेळी घेऊ नये. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली, त्याच्या पाच दिवस आधीच्या एकाच बैठकीत मंत्रिमंडळाने पाऊणशेहून अधिक निर्णय घेतले. त्यांतील अनेक निर्णय चांगले असतील, अनेकांची वर्षानुवर्षे मागणी असेल. पण एका बैठकीत इतक्या टिपण्या किती मंत्र्यांनी वाचल्या असतील, आणि सामुदायिक जबाबदारी घेणाऱ्या प्रत्येकाला त्या प्रत्येक विषयाचा खर्च ठाऊक असेल का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कर भरणाऱ्या माणसाला आहे.

माझी विनंती साधी आहे. मंत्रिमंडळाच्या प्रत्येक निर्णयासोबत त्याचे कारण, त्यावर येणारा खर्च, तो कोणत्या लेखाशीर्षातून येणार आणि अंमलबजावणीचा जबाबदार विभाग, हे एका पानावर मराठीत त्याच सायंकाळी प्रसिद्ध व्हावे. ज्या निर्णयात तारखेची किंवा रकमेची रेघ ओढलेली असेल, तिथे ती रेघ तिथेच का, हे लिहिलेले असावे. दर तिमाहीला, म्हणजे वर्षातून चार वेळा, मागील निर्णयांचा अनुपालन अहवाल यावा : पूर्ण, चालू, निधीअभावी प्रलंबित, स्थगित, रद्द, आणि शेवटच्या तीन प्रकारांत कारण. हा अहवाल जिल्हावार पाहता यावा. १६ सप्टेंबर २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगरला आणि ६ मे २०२५ रोजी चौंडीला मंत्रिमंडळाच्या बैठका झाल्या, त्या भागांतील लोकांनी त्या दिवशी मोठ्या आशेने कान टवकारले होते. तिथल्या निर्णयांपासून या अहवालाची सुरुवात करता येईल, कारण त्यांची यादी तयारच आहे.

काही सनदी अधिकारी म्हणतील की यामुळे काम वाढेल. प्रत्येक विभागात आढावा बैठकीसाठी अशी पत्रके आजही तयार होतात, मी जिल्हा पातळीवर ती पाहिलेली आहेत. ती वर जातात आणि फायलीत राहतात. आपल्यापैकी काही मंत्री म्हणतील की विरोधक त्याचे भांडवल करतील. करतील, हे खरे आहे. आमच्या गावात अध्यक्षांचे विरोधकही गोदामाच्या पत्र्यांवरून दोन वर्षे बोलत राहिले. पण कारण लिहिले गेल्यावर त्यांना कारणावरच बोलावे लागले, आणि त्यामुळेच पुढच्या वर्षी अंदाजपत्रक वेळेवर निघाले. कारण लिहिलेले नसते तेव्हा विरोधक हेतूवर बोलतात, आणि हेतूवरच्या भांडणाला शेवट नसतो.

मी कोणत्याही पक्षाचा नाही. माझ्या दप्तरात सगळ्या पक्षांच्या अध्यक्षांच्या सह्या आहेत. वर उल्लेख केलेले निर्णय वेगवेगळ्या सरकारांच्या काळातील आहेत, याची कृपया नोंद घ्यावी.

सिंहस्थाच्या तयारीसाठी येत्या काळात आपल्यापैकी अनेकांचे नाशिकला येणे होईल. ध्वजारोहणापूर्वी मंत्रिमंडळाची एक बैठक या शहरात घ्यावी, अशी या पत्राद्वारे विनंती करतो. त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर नाशिकसाठी नवीन काही नसले तरी चालेल. ‘नाशिक जिल्ह्यासंबंधी यापूर्वी घेतलेल्या निर्णयांचे इतिवृत्त वाचून कायम करणे व त्यांच्या अनुपालनाची नोंद घेणे’ एवढा एकच विषय ठेवावा आणि त्याचे इतिवृत्त दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सूचना फलकावर लावावे. मी पंचवटीतून चालत येऊन ते वाचेन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गटसचिव
पंचवटी, नाशिक